काम ठरवायचं कोणी?

१८४९ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकणाऱ्या आणि तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या काही तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या. आदल्याच वर्षी त्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ नावाची सभा स्थापन केली होती. सभेत निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा, असा तिचा क्रम. स्त्रीशिक्षणावर एक निबंध वाचला गेला, चर्चा झाली, आणि नुसत्या चर्चेवर थांबायचं नाही असं सभेतच ठरलं. मग दादाभाई नौरोजींसारखी मंडळी पारशी आणि मराठी घरांचे उंबरे झिजवू लागली. काही घरांनी मुली पाठवल्या, काहींनी या तरुणांना दारातूनच परत लावलं. शिकवायचं सकाळी, आपापल्या नेहमीच्या कामाला जाण्याआधी, आणि तेही विनावेतन. जगन्नाथ शंकरशेटांनी मराठी मुलींच्या शाळेला आधार दिला. पुढं देणग्या मिळाल्या आणि शाळा स्थिरावल्या.

विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा इतिहास आपल्याकडे बहुधा स्वातंत्र्यलढ्यापासून किंवा थेट राष्ट्रीय सेवा योजनेपासून सांगितला जातो. मला तो इथून सांगावासा वाटतो, कारण या उदाहरणात पुढच्या पावणेदोनशे वर्षांच्या प्रश्नाचं मर्म आहे. मुलींच्या शाळा काढा, असं या तरुणांना कोणत्याही परिपत्रकानं कळवलं नव्हतं. प्रश्न त्यांनी निवडला. घरोघरी जाऊन नकार ऐकले, पैशासाठी शहरातल्या वजनदार माणसांकडे गेले, आणि काम आपल्या आवाक्याबाहेर वाढल्यावर ते टिकवणाऱ्यांच्या हाती दिलं. विद्यार्थ्यांनी काम करणं आणि विद्यार्थ्यांनी काम ठरवणं यांतलं अंतर मोठं आहे. महाराष्ट्रातल्या प्रयत्नांकडे पाहताना हे अंतर कोणी किती कमी केलं, हीच कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. किती तास भरले, किती झाडं लावली, किती स्वयंसेवक नोंदले गेले हे आकडे त्यानंतर येतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन परंपरा ठळक दिसतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामं स्वतः करत. त्याला कोणी समाजसेवा म्हटलं नाही. तरी त्या काळात एका पंगतीला बसणं हे गावासमोर केलेलं मोठं सार्वजनिक काम होतं. दुसरी परंपरा राष्ट्र सेवा दलाची. १९४१ मध्ये नव्यानं उभ्या राहिलेल्या या संघटनेनं शाखा, श्रमदान आणि कलापथक यांची सांगड घातली. आज प्रत्येक शिबिरात दिसणारं पथनाट्य आणि समूहगीत या कलापथकांच्या वाटेनंच आलं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, तेव्हा त्यामागं गावोगाव फिरून मत तयार करणाऱ्या तरुणांची फळी होती. सेवा आणि सामाजिक बदल यांची कामं तेव्हा एकाच तरुणाच्या हातून होत. त्यांची फारकत नंतर झाली.

ती कशी झाली, हे कळायला राष्ट्रीय सेवा योजनेच्या जन्माकडे पाहावं लागतं. पदवीआधी प्रत्येक विद्यार्थ्यानं काही काळ राष्ट्रसेवा करावी का, हा विचार पंडित नेहरूंनी १९५८ मध्ये मुख्यमंत्र्यांपुढं मांडला. त्यावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. १९५९ मध्ये नेमलेल्या या समितीनं सुचवलं की, शालेय शिक्षण संपवून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्यांना नऊ महिने ते एक वर्ष सेवा सक्तीची असावी. पैसा कुठून आणायचा आणि एवढ्या मुलांची व्यवस्था कशी लावायची, या अडचणींपुढं ही सूचना मागं पडली. मग के. जी. सैयदेन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास केला आणि सेवा ऐच्छिक असावी असं मत दिलं. कोठारी आयोगानंही शिक्षणाला समाजसेवेची जोड मागितली. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन योजना सुरू झाली.

सक्ती की स्वेच्छा, हा वाद त्या दशकात कसून झाला. त्या वादात एक गोष्ट मात्र सुटून गेली. सेवा करायची की नाही, हे विद्यार्थ्यानं ठरवायचं. पण कोणती सेवा, कुठं, कधी आणि कशासाठी, हे ठरवण्यात त्याचा वाटा किती? योजनेच्या रचनेत हा प्रश्न तसा कधी विचारलाच गेला नाही. विषय वरून येत राहिले: १९७३ मध्ये दुष्काळाविरुद्ध युवक, मग घाण आणि रोगराईविरुद्ध युवक, पुढं वनीकरण, साक्षरता, ग्रामीण पुनर्रचना. यातला एकही विषय वावगा नाही. शिवाय योजनेनं जे दिलं ते फार मोठं आहे, हेही मोकळेपणानं मान्य करायला हवं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर या साच्यातून लाखो मुलामुलींच्या आयुष्यात सार्वजनिक कामाचा पहिला अनुभव आला. तालुक्याच्या गावातल्या कित्येक मुलींसाठी घराबाहेर सलग सात रात्री राहण्याची परवानगी मिळण्याचं पहिलं निमित्त हे शिबिरच असतं. तिथं ती पहिल्यांदा माइक हातात घेते, सरपंचाशी बोलते, गटाचा हिशेब लिहिते. याची किंमत कोणत्याही मूल्यमापन तक्त्यात मावत नाही.

तरी शिबिराचा तो सुपरिचित दिवस जरा जवळून पाहू. पहाटे उठणं, प्रार्थना, प्रभातफेरी. नाश्त्यानंतर दुपारपर्यंत श्रमदान. जेवण, मग बौद्धिक सत्र, गटचर्चा, सायंकाळी खेळ किंवा सर्वेक्षण, रात्री गावकऱ्यांसमोर सांस्कृतिक कार्यक्रम. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात. हा दिनक्रम उत्तम आहे. प्रश्न श्रमदानाच्या त्या तीन-चार तासांत नेमकं काय होतं, याचा आहे. वनराई बंधाऱ्याचं घ्या. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून, तोंडं शिवून, ती ओढ्यात आडवी रचायची आणि वाहतं पाणी अडवायचं. कमी खर्चाची, गावाला झेपणारी आणि खरोखर उपयोगी अशी ही युक्ती. पण ती पाऊस ओसरताना, ओढा अजून वाहता असतानाच करायची असते. ऑक्टोबर उलटत जातो तशी त्यातली कमाई घटत जाते. हिवाळी शिबिर भरतं डिसेंबर-जानेवारीत, कारण विद्यापीठाची सत्र परीक्षा तेव्हा संपलेली असते. कमी पावसाच्या भागात तोवर ओढ्यात खडक दिसू लागलेला असतो. वृक्षारोपणाचीही तीच गत. जानेवारीत लावलेल्या रोपाला जूनपर्यंत पाणी कोण घालणार, हे ठरलेलं नसेल तर ते रोप छायाचित्रापुरतं जगतं.

यात विद्यार्थ्यांची काहीच चूक नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या कोणत्याही मुलाला पोती कधी रचायची हे विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं. या प्रश्नाचा हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. योजना आखली गेली तेव्हा डोळ्यांपुढं शहरी विद्यार्थी होता. त्याला खेड्याचं दर्शन घडावं, श्रमाची चव कळावी, हा हेतू होता. आज महाराष्ट्रातल्या बहुसंख्य ग्रामीण महाविद्यालयांत बसलेली मुलं शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची आहेत. त्यांना नांगर, विळा आणि टोपली नवी नाही. त्यांना जे मिळालेलं नाही ते वेगळंच आहे: गावाच्या प्रश्नावर निर्णय घ्यायची संधी, नकाशा आणि नोंदी वाचण्याची सवय, अधिकाऱ्यासमोर कागद घेऊन उभं राहण्याचं बळ. आणि आपण त्यांना कुदळ देतो.

शोषखड्ड्याचं उदाहरण याला पूरक आहे. सांडपाणी जिरवायला घराशेजारी खड्डा, त्यात खाली मोठे दगड, वर बारीक खडी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे खड्डे घेऊन उघडी गटारं आणि डास यांच्यापासून सुटका करून घेतली आणि हा प्रयोग जिल्ह्याबाहेरही चर्चेत आला. तिथं काम जमलं कारण ते सगळ्या गावानं आपलं मानलं होतं. शिबिरात खोदलेले खड्डे मात्र पुष्कळदा दोन-तीन वर्षांत गाळानं बुजतात. गाळ अडवायची सोय करायची, ठरावीक काळानं ती साफ करायची, हे घरातल्या बाईला कोणी समजावून दिलेलं नसतं. आणि कोणत्या घराशेजारी खड्डा घ्यायचा, हे कोण ठरवतं? बहुतेक वेळा उद्घाटनाला व्यासपीठावर बसलेली माणसं. शिबिराचा मुक्काम गावठाणात, श्रमदान मुख्य रस्त्यावर, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत फक्त प्रभातफेरी, असं होऊ नये यासाठी मुलांना आधी गाव वाचता आलं पाहिजे. बाबा आढावांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘एक गाव एक पाणवठा’ची चळवळ चालवली. विहिरीवर कोणाला पाणी भरता येतं, हे गावोगाव जाऊन पाहणं आणि विचारणं हेच त्या कामाचं पहिलं पाऊल होतं. त्या पाहणीतूनच प्रश्न पुढं आला आणि गाव बोलू लागलं. सात दिवसांच्या शिबिरात एवढं एक सर्वेक्षण जरी प्रामाणिकपणे झालं, तरी ते दहा खड्ड्यांपेक्षा मोलाचं ठरेल.

सरकारी योजनेच्या बाहेर याच काळात दुसरा प्रवाह वाहत होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात युवक क्रांती दल उभं राहिलं. १९७२ च्या दुष्काळात मुंबई-पुण्याचे तरुण शहाद्याच्या भागात आदिवासींच्या जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्यात गेले, आणि अंबरसिंग सुरतवंतींसारख्या स्थानिक कार्यकर्त्याकडून शिकले. १९७५ च्या सुरुवातीला जयप्रकाश नारायणांच्या प्रेरणेनं छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन झाली. हे तरुण आपलं काम आपण ठरवत, त्याची किंमतही आपण मोजत. यातले पुष्कळजण पुढं आयुष्यभर कार्यकर्ते राहिले. पण महाविद्यालयातल्या सर्वसाधारण मुलासाठी ही वाट अवघड होती. घर, परीक्षा आणि नोकरी सोडूनच त्या वाटेला लागावं लागे, अशी तिची ख्याती झाली. एका टोकाला सात दिवस, दुसऱ्या टोकाला अख्खं आयुष्य. मधली जागा फार मोकळी राहिली.

ती जागा भरून काढायचा सर्वांत चिवट प्रयत्न बाबा आमट्यांनी केला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळ सोमनाथला कुष्ठमुक्त माणसांनी जंगलालगतची जमीन लागवडीला आणली. तिथं उन्हाळ्यात, विदर्भाच्या मे महिन्यात, श्रमसंस्कार छावणी भरू लागली. दरवर्षी १५ ते २२ मे. सकाळी श्रम, दुपारी भाषणं आणि वाद. इथं तरुण कोणाचा उद्धार करायला येत नव्हते. ज्यांना समाजानं बाहेर टाकलं त्यांच्या शेतात, त्यांच्या देखरेखीखाली ते घाम गाळत होते. सेवा करणारा आणि सेवा घेणारा यांची नेहमीची उतरंड सोमनाथमध्ये उलटी होते, आणि मला वाटतं छावणीचं बळ त्यातच आहे. बाबांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे काढलेल्या ‘भारत जोडो’ सायकल यात्रेतही तरुणच होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम त्याच मधल्या जागेचा आजचा वारस म्हणता येईल. शिबिरांच्या मालिकेतून तरुणानं स्वतःला विचारायचं की, माझ्या शिक्षणाचा उपयोग मी कोणत्या प्रश्नावर करणार? उत्तर आयतं मिळत नाही. प्रत्यक्ष करून बघत ते शोधायचं असतं. डॉक्टर झालेली काही मुलं तिथून आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर गेली.

२०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांतली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वेगळ्या कारणासाठी पाहण्यासारखी आहे. पहिल्या वर्षी वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीन तालुके होते. २०१८ पर्यंत ते ७५ झाले. गावानं आपली माणसं प्रशिक्षणाला पाठवायची, पाणलोटाची आखणी शिकून यायची आणि उन्हाच्या तडाख्यात ठरलेल्या मुदतीत काम उरकायचं. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतून विद्यार्थ्यांचे जथे गेले. पाणलोटाची शास्त्रीय कामं आणि पीकपद्धती यांवर पुढं बरीच चर्चा झाली, त्यात इथं शिरत नाही. विद्यार्थ्यांपुरतं सांगायचं तर एक गोष्ट नीट घडली. चर कुठं खणायचा हे गावानं ठरवलं होतं आणि बाहेरून आलेल्या मुलांनी गावाच्या आखणीवर कुदळ मारली. उलट बाजूही तेवढीच खरी आहे. त्यात विद्यार्थ्यांना ठरवायला काही नव्हतं. एक दिवस घाम गाळून ते परतले.

आपत्तीच्या वेळी मात्र विद्यार्थी कोणाची वाट पाहत नाहीत. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं तेव्हापासून ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपापर्यंत आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरापर्यंत हेच दिसतं. चिखल उपसायला, औषधं वाटायला, धान्याची पाकिटं बांधायला मुलं आपणहून धावतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत खाटा आणि प्राणवायूच्या सिलिंडरची माहिती पडताळून याद्या चालवणाऱ्यांत कॉलेजची मुलं होती. हा उमाळा पोकळ मुळीच नाही. दुसऱ्या महिन्यात, जेव्हा पंचनामे रखडतात आणि नुकसानभरपाईच्या यादीतून भाडेकरू आणि भूमिहीन गळतात, तेव्हा मात्र मदतीचा हात विरळ होतो. तिथं लागतो कागदाचा अभ्यास आणि पुन्हा पुन्हा जाण्याची तयारी. टाटा समाजविज्ञान संस्थेचे विद्यार्थी शिक्षणाचा भाग म्हणून आठवड्यातले ठरावीक दिवस क्षेत्रकार्य करतात. अडचणीतल्या मुलांसाठीची १०९८ ही ‘चाइल्डलाइन’ १९९६ मध्ये याच संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून मुंबईत सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. त्याच त्या रस्त्यावर, त्याच त्या मुलांकडे सातत्यानं जाण्यातून असं काही उगवतं.

आता या विषयाचा अवघड अर्धा भाग. सेवेला सगळे टाळ्या वाजवतात. नागरिक म्हणून प्रश्न विचारू लागलेल्या विद्यार्थ्याकडे संस्था साशंक नजरेनं पाहते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी रातोरात झाडं तोडायला सुरुवात झाली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थीही होते. तेव्हा कायद्याच्या एका विद्यार्थ्यानं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं त्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि ७ ऑक्टोबरला आणखी झाडं तोडू नयेत असा आदेश दिला. तोवर दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. कारशेडबाबत कोणाचं मत काहीही असो, एका विद्यार्थ्यानं कायद्याची साधनं वापरून देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला सुट्टीच्या काळात कामाला लावलं, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसावी अशी आहे. महाविद्यालयाच्या सेवातासांत मात्र ती कुठंच नोंदली जाणार नाही. तिथं रोप लावण्याचे तास मिळतात. झाड वाचवण्याचे मिळत नाहीत. गोव्यात १९७०-८० च्या दशकांच्या संधीवर विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी मोठं आंदोलन केलं. खेड्यातून पणजी-मडगावला शिकायला येणाऱ्या मुलांसाठी तो शिक्षणाचाच प्रश्न होता. ज्याला प्रवासाचा खर्च परवडत नाही त्याच्यासाठी भांडणं ही सेवाच नाही का?

इथं एक सावधगिरी बाळगायला हवी. तरुण स्वतःहून संघटित झाले म्हणजे ते न्यायाच्याच बाजूला उभे राहतात, असं इतिहास सांगत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाल्यावर जे घडलं, त्यात नामांतराच्या बाजूनं लाठ्या खाणारे विद्यार्थी होते आणि विरोधातल्या जमावातही विद्यार्थी होते. दलित वस्त्या जळाल्या. १९९४ मध्ये नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षं गेली. म्हणून ‘मुलांना मोकळं सोडा’ एवढंच म्हणून भागत नाही. स्वतः ठरवण्याच्या हक्काबरोबर कोणाचं ऐकायचं, कोणाला विचारायचं, याचं शिक्षण यावं लागतं. ते बौद्धिक सत्रात भाषण ऐकून येत नाही. आपल्याहून वेगळ्या जातीच्या, वेगळ्या वस्तीच्या मुलाबरोबर एकाच प्रश्नावर वर्षभर काम केल्यानं येतं.

हे शिकण्याची स्वाभाविक जागा म्हणजे विद्यार्थी परिषद. निवडणुकांतल्या हिंसेनंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी घेण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यानं खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण त्या अजून नियमित होऊ शकलेल्या नाहीत. १९८९ पासून अठराव्या वर्षी लोकसभेला मत देता येतं. मात्र आपल्या महाविद्यालयाच्या परिषदेत आपला प्रतिनिधी निवडण्याची सवय बहुतेकांना नाही. मतदार नोंदणीच्या मोहिमेत तोच विद्यार्थी हिरिरीनं अर्ज भरून घेतो. ही विसंगती त्याला जाणवत नसेल असं मला वाटत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं चित्र थोडं हलवलं आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसंपर्काचे प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. सेवा योजनाही सहअभ्यासक्रमात आली आहे. श्रेयांकामुळे कामाला वेळापत्रकात हक्काची जागा मिळते, हा मोठा फायदा. ग्रेस गुणांच्या जुन्या सवलतीपेक्षा ही पुढची पायरी आहे. धोका असा की, एकेका शिक्षकाकडे साठ-सत्तर मुलं आली की प्रकल्पाची यादी छापून दिली जाईल, अहवालाचा नमुना फिरेल आणि एकाच गावाचं सर्वेक्षण पन्नास वह्यांत सारखंच उतरेल. हे टाळायचं तर प्रश्न निवडण्याचा टप्पा अभ्यासक्रमात वेगळा आणि गुणांसह हवा. पहिला महिना मुलांनी आपल्याच गावात, आपल्याच मोहल्ल्यात हिंडावं आणि तीन प्रश्न लिहून आणावेत. एसटीची सकाळची फेरी कॉलेजच्या वेळेला जुळत नाही. अंगणवाडीत वजनकाटा बंद आहे. वस्तीतल्या हातपंपाचं पाणी तपासलेलं नाही. असल्या प्रश्नांसाठी दत्तक गाव शोधायला जावं लागत नाही. आगार व्यवस्थापकाला, ग्रामसेवकाला, पर्यवेक्षिकेला कोणता अर्ज करायचा, माहिती अधिकारात काय मागायचं, हे शिकताना मुलगी राज्यशास्त्राचा अर्धा पेपर समजून घेते.

यासाठी तीन गोष्टी लागतील, आणि तिन्ही महाविद्यालयाच्या पातळीवर करता येण्यासारख्या आहेत. पैसा विद्यार्थ्यांच्या हाती द्यायला हवा. थोडा का होईना, पण खर्चाचा निर्णय आणि हिशेब त्यांचा. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी सहायक समितीच्या वसतिगृहांत खेड्यांतून आलेली मुलं रोजची कामं वाटून घेतात, आणि शिकून गेलेले माजी विद्यार्थी पुढच्यांसाठी उभे राहतात. कारभारात वाटा मिळाला की मुलं जबाबदारी पेलतात, याला सात दशकांचा पुरावा आहे. दुसरी गोष्ट सातत्याची. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो, प्रश्न तिथंच राहतो. म्हणून प्रत्येक गटानं प्रश्नाची वही पुढच्या वर्गाला सोपवायची: काय पाहिलं, कोणाला भेटलो, कोणतं पत्र कुठं अडलं. शिक्षकाचं काम या वहीची राखण करण्याचं. आज सेवा योजना सांभाळणाऱ्या शिक्षकावर, म्हणजे कार्यक्रम अधिकाऱ्यावर, पूर्ण अध्यापनाचा भार असतो, वर शिबिर आणि वर अहवाल. निदान त्याचा तासिकाभार कमी करणं हे संस्थेला अशक्य नाही.

आणि तिसरी, कामाचा जाब गावापुढं देण्याची. शिबिराच्या समारोपात प्रमाणपत्रं वाटली जातात, सर्वेक्षणाचे कागद महाविद्यालयाच्या कपाटात जातात, आणि ज्या घरांनी चुलीपासून शौचालयापर्यंतची माहिती मोकळेपणानं दिली त्यांच्या हाती काहीच लागत नाही. हिवाळी शिबिर संपल्यावर थोड्याच दिवसांत २६ जानेवारी येते आणि त्या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. सर्वेक्षण करणाऱ्या गटानं तिथं परत जावं. किती घरांना नळ नाही, कोणत्या गल्लीत गटार नाही, किती मुलं शाळेतून गळाली, हे आकडे वस्तीनिहाय वाचून दाखवावेत आणि गावानं त्यांतलं एखादं काम आराखड्यात घ्यावं म्हणून आग्रह धरावा. त्या गावातलेच जे विद्यार्थी अठरा वर्षांचे होऊन मतदार यादीत आले आहेत ते ग्रामसभेचे सदस्य आहेत. त्यांना तिथं बोलायला प्राचार्यांचं पत्र लागत नाही.